केसपेपरवरची मावशी

प्रिय वैशाली,

बाळकुमच्या तुझ्या तेविसाव्या मजल्यावरून खाडी दिसते म्हणे. छान. मानपाड्याच्या आपल्या दवाखान्यातून अजून समोरचं गॅरेजच दिसतं. तुझ्यानंतर आलेल्या डॉक्टरांचं अक्षर तुझ्याहून वाईट आहे, ही त्यांची एकमेव कामगिरी.

दिवाळीआधी आलेली ती लाल स्वेटरवाली मुलगी आठवते? खोकला होता, हात आणि पाठ भाजलेली. नाव लिहीत नाही, कायद्याने लिहायचं नसतं. शिवणकामाची नोकरी सांगून तिला गावाहून आणलं आणि इथे खोलीत कोंडून धंद्याला लावलं. सोळा वर्षांची पोर. गेल्या महिन्यात सोडवली. पोलीस आपले जुने कागद न्यायला आले तेव्हा मला कळलं. मग राहवेना, तिच्यासोबत सरकारी इस्पितळात गेले. खोकला टीबीचा निघाला. तेव्हाच कळायला हवं होतं.

तिथे तिला सगळं चार जणांना चार वेळा सांगावं लागलं, एकदा तर केसपेपरच्या रांगेत. जन्मतारीख ती स्वतः सांगते, पण वय ठरवायला विश्वास तिच्या हाडांवर आणि दातांवर. तपासू का, असं कोणी विचारेना. शेवटी ऐश्वर्या नावाच्या एका शिकाऊ डॉक्टरने आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि तिला एकटीला विचारलं. दहा मिनिटं लागली गं. दहाच.

तिला कोंडून ठेवणारी बाई म्हणजे आपल्याकडे तिला घेऊन आलेली ती ‘मावशी’च. आता त्या बाईचा वकील आपलाच केसपेपर नाचवतोय. ‘सोबत: मावशी. भाकऱ्या करताना भाजलं.’ अक्षर माझं, सही तुझी. म्हणतो, मावशीने दवाखान्यात नेलं म्हणजे केवढी माया. पाठीने भाकऱ्या कोण करतं, हे लिहिताना मला सुचलं नाही.

हवालदार म्हणाला, डॉक्टर मॅडमना काही आठवत नाही. लहानपणी मोहन्याच्या चाळीत मी तुझी पाटी फोडलेली, त्या दिवशी कोणता वार होता तेसुद्धा तुला आठवतं, वैशाली. मग हेही आठव. पट्टी बांधताना तू तिलाच विचारलेलंस, पाठीवर कसं भाजलं गं? तिने तोंड उघडलं. बाहेर रांग वाढत होती, म्हणून मी तिला म्हणाले, गप्प बस, मावशी सांगतायत ना. हे मी कोर्टात सांगणार आहे, नोकरी राहो न राहो. पण एकटीने सांगितलं तर वकील त्याला सारवासारव म्हणेल. समन्स तुलाही येईल. तू फक्त तुझा प्रश्न सांग. उत्तर ती देईल. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
मंजुळा