शटरची दोन कुलपे

लिहून ठेवणार: हैबतराव बाळाजी पायगुडे, वय वर्षे ७६, धंदा पूर्वी शेती, सध्या ओट्यावर बसून दोन मोटारींची तोंडे बघणे, राहणार मौजे नेरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे.

मी शुद्धीवर आहे. कोणाच्या धाकाने, भुलवण्याने किंवा नशेत हे लिहीत नाही. मला साखरेचा आजार आहे, डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण डोके ठिकाणावर आहे आणि तसा डॉ. नलिनी ढमाले यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला मुद्दाम घेतला. हा कागद वाचल्यावर माझ्या मुलांच्या तोंडून पहिले वाक्य निघेल ते म्हाताऱ्याला चळ लागला होता हेच. चळ लागलेला नाही. राग आलेला आहे. दहा महिने झाले तरी तो उतरत नाही, म्हणून लिहायला बसलो.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाल्यास त्याचा कागद खोटा समजावा.

माझी पत्नी रत्नाबाई ५ फेब्रुवारी २०२५ रोजी वारली. मागे थोरला मुलगा किशोर, धाकटा शैलेश आणि मुलगी गौतमी, भूगावला दिलेली. वडिलोपार्जित जमिनीचे वाटप पूर्वीच झाले आहे. मुलांनी आपापला वाटा विकून आपापली मोटार घेतली, त्याबद्दल मी इथे काही म्हणत नाही. खाली लिहिले आहे ते माझ्या स्वतःच्या मिळकतीविषयी.

कलम १. घर. दुमजली घर मी माझ्या वाट्याच्या जागेत, माझ्या पैशाने बांधले. खालचा मजला किशोरला, वरचा शैलेशला, आज राहतात तसा. जिना सामाईक. जिन्यातल्या चपलांच्या कपाटावरून पुन्हा भांडण झाल्यास कपाट भंगारात द्यावे. मात्र ही वाटणी कलम ७ मधली अट पुरी झाली तरच खरी.

कलम २. गॅरेज. हे २०१७ साली, गोठा पाडून बांधले. लांबी अठरा फूट, रुंदी अकरा. एक घर, एक मोटार, असे मी धरून चाललो होतो. माझ्या बापाच्या वेळी अख्ख्या आळीत दोन बैलगाड्या होत्या, तेव्हा एका दारात दोन मोटारी येतील हे मला सुचले नाही, ती माझी चूक.

त्याहून मोठी चूक पुढे केली. शटरला डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन कुलपे असतात. बसवणाऱ्याने चाव्या माझ्या हातात ठेवल्या आणि मला शहाणपण सुचले. डावीकडची किशोरला दिली, उजवीकडची शैलेशला. एकाला उघडायचे तर दुसऱ्याला हाक मारावी लागेल, त्या निमित्ताने भाऊ रोज एकमेकांशी बोलतील, असे मला वाटले. माझा शेजारी भिवाजी तेव्हा तिथे उभा होता. तो म्हणाला, "हैबती, एकालाच दे. कुणालाबी दे, पर एकालाच दे." मी त्याला म्हणालो, तुला एकच पोरगा, तुला दोघांचे काय कळते.

वर्षभर चालले. किशोरची पांढरी मोटार आत असायची, शैलेश सकाळी आपले कुलूप काढून द्यायचा. मग शैलेशने काळी घेतली आणि एक महिना तुझी आत, एक महिना माझी, असे म्हणाला. किशोर म्हणाला, मी थोरला. त्या संध्याकाळी शैलेश कुलूप काढायला खाली आलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने काढले असते, पण तोवर किशोरने आपलेही लावून टाकले होते.

तेव्हापासून सात वर्षे गॅरेज रिकामे आहे आणि दोन्ही मोटारी अंगणात आहेत. आत काय आहे ते मी फटीतून बॅटरी मारून पाहिले आहे. ऑइलचा एक डबा, आणि रत्नाबाईची वाळवणाची बाज. बाज तिने एका दिवसासाठी म्हणून आत सरकवली होती. दर उन्हाळ्यात ती दोघांकडे बाज मागायची आणि दर उन्हाळ्यात दोघेही तिला दुसऱ्याकडे पाठवायचे. नंतर तिने मागायचे सोडले. मला एकदा म्हणाली, "गाड्यांना घर बांधलं, त्या भाईर. माझ्या कुरडया उन्हात घालायच्या, त्या माळ्यावर." मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

हे गॅरेज मी गौतमीला देतो, आणि त्यासोबत कलम ३ मधले अंगणही. मुले म्हणतील, तिने हक्कसोडपत्र केले आहे. केले आहे ते वडिलोपार्जित जमिनीचे. पौडच्या कचेरीत तिचा अंगठा उमटवायला शाईची डबी मीच पुढे सरकवली आणि बदल्यात तिला एक साडी दिली. तिने साडीची घडी मोडून अंगावर घेऊन बघितली आणि छान आहे म्हणाली. हे मला टोचते. गॅरेज आणि अंगण माझ्या कमाईचे आहे, ते मी हवे त्याला देईन. भूगावला तिच्या सोसायटीत जमिनीवर पिवळ्या रेघा मारल्या आहेत. सत्तर घरे आहेत, आणि सगळे गुमान आपापल्या रेघेत गाडी लावतात. माझ्या घरात दोघे सख्खे भाऊ आहेत.

कलम ३. अंगण. दाराच्या उंबऱ्यापासून फाटकापर्यंत. या जागेत कोणतेही वाहन, कोणाचेही, पाहुण्याचेसुद्धा, एक तासही उभे राहू नये. का, ते लिहितो, म्हणजे माझ्यामागे कोणी त्याला म्हाताऱ्याचा हट्ट म्हणायला नको.

रत्नाबाई पहाटे गेली. सवाष्ण गेली. बायकांनी हिरवे लुगडे नेसवले, मळवट भरला. तिरडी बांधायला अंगणात जागा नव्हती, म्हणून ती रस्त्यावर बांधली. पांढरी मोटार ओट्याला चिकटून होती, काळी तिच्यामागे फाटकात. मध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढी फट. मी आठ वाजता दोघांना बोलावून गाड्या काढायला सांगितले.

किशोर म्हणाला, "आण्णा, फाटकात त्याची हाय. त्यानं आधी काढावी."

शैलेश म्हणाला, "मी भाईर काढली की दादा फाटकात लावणार. मग मी जल्मभर रस्त्यावर."

आई आत पडलेली आणि हे असे. आमच्या खोलीत भाड्याने राहणारा स्वानंद, परभणीचा, हिंजवडीत कामाला आहे, तो हलक्या आवाजात म्हणाला, "काका, गॅरेज तर रिकामंच आहे." परक्याला दिसले. किशोरने खिशात हात घातला. शैलेशने त्याच्या हाताकडे पाहिले. किशोरने हात तसाच मोकळा बाहेर काढला. चावी दोघांच्याही खिशात होती, ते मला माहीत आहे, कारण दोघेही ती घराच्या चावीच्या जुडग्यात ठेवतात. आधी कुलूप काढील तो हरला, एवढेच त्यांच्या डोक्यात होते. माझ्या मेव्हण्याने तेवढ्यात काळ्या मोटारीवर हात फिरवून ती किती पळते ते विचारले. त्याला माझ्या तेराव्याला बोलावू नये.

शेवटी मागच्या दाराने न्यायचे ठरले. कोणी ठरवले ते शेवटी लिहीन. मागे भाडेकऱ्यांचे धुण्याचे दगड, संडासाची टाकी, तिच्यावरचे हलते झाकण. तिरडी तिथून आणली आणि तिथूनच नेली. पुढे भिवाजीच्या शेताचे तारेचे कुंपण होते. ते त्याने स्वतःच्या हाताने तोडले, हात फाडून घेतला, आणि उभ्या गव्हातून वाट दिली. माप ओलांडून पुढच्या दाराने आलेली बाई संडासाच्या टाकीवरून गेली.

दोन्ही मोटारी त्या दिवशी इंचभर हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी किशोरने पांढरीवरचा गुलाल फडक्याने पुसला.

कलम ४. आठ खोल्यांचे भाडे तिघा मुलांना सारखे. भाडेकऱ्यांना विनाकारण काढू नये. बँकेतली ठेवही तिघांत सारखी, त्यावर जास्त लिहिण्यासारखे नाही.

कलम ५. कुळव, पाभर, जू, दोन विळे आणि माझी घोंगडी भिवाजीला. त्याच्या गव्हाची भरपाई मी देऊ केली होती. त्याने शिव्या दिल्या. हत्यारे तरी घे बाबा.

कलम ६. स्वानंदला मी माझे घड्याळ देणार होतो, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलबाईंनी सांगितले. त्यामुळे त्याला काही नाही. त्याने रागवू नये.

कलम ७. माझा अंत्यविधी, आणि कलम १ ची अट. या कलमाची एक प्रत भिवाजीकडे बंद पाकिटात वेगळी दिली आहे. माझे डोळे मिटताच त्याने ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावी.

किशोरने डावे कुलूप स्वतःच्या हाताने काढावे, शैलेशने उजवे. शटर दोघांनी मिळून वर करावे. सात वर्षांचा गंज आहे, एकट्याने होणारही नाही. आतून रत्नाबाईची बाज बाहेर काढावी, पुसावी आणि अंगणाच्या मधोमध ठेवून मला तिच्यावर निजवावे. त्याआधी दोन्ही मोटारी हलल्या पाहिजेत. कोणती आत जाईल आणि कोणती रस्त्यावर, ते तुम्ही ठरवा. ठरेपर्यंत मला उचलू नये. मला घाई नाही. ही सोय त्या एका दिवसापुरती आहे. पुढे गॅरेजात काय ठेवायचे ते गौतमी सांगेल.

सूर्य मावळेपर्यंत ठरले नाही तर भिवाजी आणि भाडेकऱ्यांनी मला उचलावे, मुलांनी खांदा देऊ नये, आणि दोन्ही मजले गौतमीचे होतील. एकानेच कुलूप काढले आणि दुसऱ्याने नाही काढले, तरीही दोघांचे मजले गौतमीचे. तुम्ही एकमेकांवर सोडून द्यायला शिकलात, म्हणून दोघांनाही एकाच अटीत बांधले आहे.

आता जे शेवटी लिहीन म्हणालो ते. त्या दिवशी किशोर आणि शैलेश एकमेकांकडे बघत उभे होते आणि सगळी भावकी माझ्याकडे बघत होती. मी बाप होतो. दोघांच्या मुस्काटात मारून चाव्या हिसकावून घेता आल्या असत्या. काच फोडता आली असती. भिवाजी तर दगड घेऊन तयार होता. मला लाज वाटली, ती बायकोची नाही, लोकांची. चार माणसांत तमाशा नको म्हणून मी खाली बघून म्हणालो, "मागनं न्या." हे शब्द माझे होते. मुलांनी नुसत्या गाड्या लावल्या होत्या. मागे तिला मी पाठवले.

म्हणून माझे शेवटचे सांगणे. कुलपे निघाली, अंगण मोकळे झाले, फाटक सताड उघडे झाले, पुढच्या दाराने चार जण खांदा लावून सरळ चालत जातील एवढी जागा झाली, की सगळ्यांनी एकदा ती जागा नीट बघून घ्यावी. आणि मग मला मागच्या दाराने न्यावे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी अॅड. सुनीती मारणे, पौड, यांनी करावी. सर्व पाने मी वाचली आहेत. एकही शब्द रागाच्या भरात जास्त पडलेला नाही.

सही: हैबतराव बाळाजी पायगुडे

वरील सही हैबतरावांनी आम्हा दोघांच्या समोर केली व आम्ही त्यांच्या समोर केली.

साक्षीदार १: डॉ. नलिनी ढमाले, मारुंजी
साक्षीदार २: स्वानंद कुलथे, भाडेकरू, खोली क्रमांक ५, नेरे

ठिकाण: नेरे, घराचा ओटा. अंगणात बसायला जागा नसल्यामुळे.
दिनांक: ८ डिसेंबर २०२५