हत्ती, मुंगी आणि आठवीचा वर्ग

अप्पा, तुमचं ते भाषण अजून गावाला पाठ आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, दुकानावरची पत्र्याची पाटी जाऊन दिवे लागणारा बोर्ड आला, पण भाषणातला एक शब्द कुणी विसरलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत, सलूनमध्ये नाहीतर आपल्याच दुकानात कुणी घरपट्टीचं नाव काढलं की दुसरा लगेच उभा राहतो, तुमच्यासारखी टोपी मागं सारतो आणि सुरू करतो, "सरपंचसाहेब, हत्तीला अन् मुंगीला एकाच मापाचा सदरा?" की झाला हशा. मी गल्ल्यावर बसून ऐकायची आणि मनातल्या मनात दात-ओठ खायची. यंदा मात्र त्या भाषणाचं असं काही झालं की तुम्हाला सांगितल्याशिवाय मला करमेना. म्हणून दुपारी गिऱ्हाईक नाही असं बघून लिहायला बसले.

तो दिवस मला अजून समोर दिसतो. मी सातवीत आहे. शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरलीय, बायका भिंतीकडेला बसल्यात आणि त्यांच्यात मी, आईला खेटून. ठराव साधा आहे. शाळा सातवीपर्यंतच, आठवीचा वर्ग पाहिजे तर गावानं खोली बांधायची आणि त्यासाठी दर घरानं सारखी पट्टी द्यायची. तुम्ही उठता. धुतलेलं धोतर, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे. "माझ्या दुमजली दुकानाला जेवढी पट्टी, तेवढीच ऊसतोड्याच्या पाचटाच्या कोपीला? हत्तीला अन् मुंगीला एकाच मापाचा सदरा? मुंगी त्यात सापडायची न्हाई, अन् हत्तीचं शेपूटबी झाकायचं न्हाई!" पटांगण हसून लोळतंय. ऊसतोडीचे टोळीवाले टाळ्या पिटतायत, कारण शेटजी त्यांच्या बाजूनं बोलले. बंगलेवाले टाळ्या पिटतायत, कारण आता पट्टी वाचणार हे त्यांनी ओळखलंय. मग तुम्ही आवाज खाली आणून म्हणता, "म्हणून म्हणतो, सदराच नको." संपलं. गरीब-श्रीमंत एका दमात हसवून तुम्ही सगळ्यांचा खिसा वाचवलात, त्यात पहिला आपला. लई हुशार होतात तुम्ही.

त्या जूनमध्ये मी रिबिनी बांधून, दप्तर घेऊन दारात उभी राहिले. तुम्ही विचारलंत, "कुठं निघालीस?" मी म्हटलं, "आठवीत." तुम्ही दप्तराकडं बघितलंत आणि उगाच आईवर खेकसलात, चहात साखर न्हाई म्हणून. किराणा दुकानदाराच्या घरात! मुलगे सायकलींवर कडा गावच्या शाळेत जायला लागले. मुलींना कोण पाठवणार? पुढच्या बाजाराला तुम्ही गुळाच्या ढेपांबरोबर आठवीची सगळी पुस्तकं घेऊन आलात आणि माझ्यापुढं ठेवलीत. दुकानात सामसूम झाली की म्हणायचात, "वाच." मी शेंगदाण्याच्या पोत्यावर बसून इतिहास वाचायची आणि तुम्ही, निजामाच्या काळातली उर्दू चौथी शिकलेला माणूस, डोळे मिटून "वा, क्या बात है" म्हणायचात. ते वर्ष माझं फार सुखात गेलं, हे कबूल करते. नववीची पुस्तकं मात्र तुम्ही आणली नाहीत, आणि मीही मागितली नाहीत.

आता मी शाळा समितीची अध्यक्ष आहे. हसू नका! आणि शाळा अजून सातवीपर्यंतच आहे. ज्यांची ऐपत आहे त्यांची पोरं पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जातात. टोळीवाल्यांच्या मुली सातवी झाली की आईबापाबरोबर उसाच्या फडात जातात, आणि दोन हंगामांत त्यांच्या अक्षता पडतात. आपल्या दुकानासमोर राहते ती टोळीवाल्यांची पोर यंदा सातवीला होती. पाढे असे म्हणते की माझ्या कॅल्क्युलेटरला लाज वाटावी. तिला फडात जाऊ द्यायचं नाही असं मी मनात धरलं आणि सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत उभी राहिले. म्हटलं, शाळेसाठी पट्टी लावा. माझ्या बुद्धीला काय म्हणावं? जानेवारीत अर्धं गाव ऊस तोडायला गेलेलं! ज्यांच्या पोरींसाठी मी भांडत होते त्यांच्यातलं तिथं चिटपाखरू नव्हतं. होते ते आपल्यासारखे दुकानदार आणि बागायतदार. त्यातले एक मोठे बागायतदार, तेव्हा तुमच्या शेजारी बसून टाळ्या वाजवणारे, आता सत्तरीचे, ते उठले आणि म्हणाले, "ताई, तुझ्या बापानं काय सांगितलं व्हतं?" आणि सगळ्यांनी मिळून तुमचं भाषण म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत! मेल्यावरसुद्धा मला पाडलंत, अप्पा. घरी येऊन मी तुमच्या फोटोला दर सोमवारचा हार घातला नाही. दोन सोमवार घातला नाही.

तिसऱ्या सोमवारी हार घालताना माझ्या डोक्यात आलं, अहो, भाषणाचा पहिला भाग तर खराच होता! चुकला तो शेवट. एवढी वर्षं आम्ही भाषणावर चिडलो नाहीतर हसलो, पण ते नीट ऐकलंच नाही. आणि बघा, पंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत त्याच बागायतदारांचा तिमजली बंगला अजून "माती-धाब्याचं घर" म्हणून लिहिलेला आहे. आपलं स्लॅबचं दुकानही पत्र्याचंच.

पाडव्यानंतर टोळ्या परत आल्या तशी मी घरं धरली. दिवसाला सात-आठ चहा. आधी मुकादमाकडं गेले, जो टोळ्या जमवून कारखान्यावर नेतो. तो म्हणाला, "शेटाणीबाई, आमी सहा म्हैने घरालाच न्हाई, पट्टी का म्हून द्यावी?" मी म्हटलं, "मग सहा महिन्यांचीच द्या." त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग लिहून दिलं तेव्हा पेला खाली ठेवून म्हणाला, "असं इचारलं न्हाई कुणी आजवर." बागायतदारांच्या बंगल्यावर गेले तर ते म्हणाले, "आमची नातवंडं बीडला इंग्रजीत हायत. हितल्या शाळंचं मला काय?" माझ्या तोंडात चांगलं सणसणीत उत्तर आलं होतं. पण ते गिळलं, कारण त्यांची सूनबाई गावची सरपंच आहे. राखीव जागा म्हणून तिला उभी केली आणि कारभार हेच बघायचे. ती चहाचा ट्रे घेऊन आली, ट्रे ठेवला आणि पदर सावरून म्हणाली, "मामंजी, सही मी करते. बंगल्याची नोंद आधी खरी करू, मग लोकांना सांगू. न्हाईतर लोक मला हसतील." म्हाताऱ्यानं ट्रेमधली बशी माझ्याकडं सरकवली. मग मला म्हणाला, "बिस्किट घे, ताई." एवढाच त्यांचा होकार. मी तीन बिस्किटं खाल्ली.

एक मेची सभा. ऊन रणरणतंय, पटांगणात मंडप, पाय ठेवायला जागा नाही. टोळीवाले आहेत, दुकानदार आहेत, मशिदीजवळचे पंक्चरवाले चाचा बचत गटाच्या बायकांना पाणी वाटतायत. मी उठून मुकादमाला म्हणते, "भाऊ, आमच्या अप्पांचं भाषण म्हणा बरं." त्याला काय, तो टोपी मागं सारून सुरू! हत्ती येतो, मुंगी येते, गाव हसतं. "म्हणून म्हणतो..." इथं मी त्याचा हात धरते. म्हणते, "थांबा. इथून पुढं मी. एकच सदरा अन्याय आहे, अप्पांचं शंभर टक्के बरोबर. म्हणून दोन सदरे शिवू. हत्तीला हत्तीच्या मापाचा, मुंगीला मुंगीच्या मापाचा. बंगल्याला जास्त, कोपीला नावापुरती, जो सहा महिने बाहेर त्याला निम्मी. आणि पहिला हत्ती माझं दुकान." मागून कुणीतरी ओरडलं, "शेटजीची पोरगी हाय बे, खरंच दील!" मग मी सांगितलं, की त्या दिवशी ठराव पडला तेव्हा मी सातवीत होते, आणि इथून घरापर्यंत रडत गेले होते. बायकांनी डोळ्याला पदर लावले. हात वर करा म्हटल्यावर सूनबाईचा पहिला. मी दोन्ही हात वर केले. ग्रामसेवक म्हणाले, "ताई, एकच धरणार." मी म्हटलं, "एक माझा, एक अप्पांचा." गाव असं हसलं, अप्पा, अगदी तुमच्या वेळेसारखं! बागायतदारांनी हात वर केला नाही, पण खालीही ठेवला नाही, कानापाशी धरून बसले. ग्रामसेवकांनी तो मोजला.

आता आपल्या दुकानाची पट्टी बघितलीत तर तुम्ही उठून बसाल. म्हणजे बसलेलेच आहात म्हणा. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं मळ्याच्या कोपऱ्यात तुम्हाला बसवूनच माती दिली, गादीवर बसायचात तसं. खोलीचं जोतं वर आलंय. तोवर वर्ग समाजमंदिरात भरतो. समोरची पोर रोज दहाला तीनदा आरसा बघून निघते आणि जाता जाता ओरडते, "आज्जी, आठवीला चाल्ले!" रोज ओरडते आणि रोज मी वजन चुकते. तिचे आईबाप दसऱ्यानंतर गेले, ती घरी तिच्या आजीजवळ राहिली. परवा तिला तुम्ही आणलेलं इतिहासाचं पुस्तक दाखवलं. म्हणाली, "हे तर लई जुनं हाय," आणि तरी घेऊन गेली.

आता राहिलं ते एकच. मळ्यात येऊन हे वाचून दाखवावं असं मनात होतं, पण तिथं सालगडी असतो, आणि हे त्याच्यासमोर काय, कुणासमोरच बोलवणार नाही. त्या दिवशी मी रडत घरी गेले, असं मी सभेत सांगितलं. तुमच्या जावयांना सांगितलं, मुलांना सांगितलं, आणि इतक्यांदा सांगितलं की मलाही खरं वाटायला लागलं होतं. मी रडले नव्हते, अप्पा. तुम्ही "सदराच नको" म्हणालात तेव्हा मी आईचा हात सोडवून उभी राहिले होते आणि टाळ्या वाजवत होते. आठवी गेली हे मला कळलंच नाही. माझे अप्पा बोलत होते ना.