ड्रमच्या आतला अंगठा

मी, या कागदाच्या शेवटी अंगठा उठवणारी, वय अंदाजे एक्याऐंशी, धंदा पूर्वी वाद्यदुरुस्ती आणि आता दुसऱ्यांच्या कामात चुका काढणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कुणाचाही दबाव नसताना सांगते आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई लिहून घेत आहेत. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी आज सकाळीच दिला. त्याची एक प्रत सुनेला हवी आहे. माझ्याशी वाद घालताना उपयोगी पडेल म्हणते.

कलम पहिले. राहत्या दोन खोल्या आणि बँकेत जे शिल्लक असेल ते मुलाला आणि सुनेला निम्मं निम्मं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार महिने मला रोज उठवून बसवलं ते सुनेने. मुलगा दारात उभा राहून "हळू, हळू" म्हणत होता. त्याचेही आभार आहेत, पण निम्म्यापुरतेच.

कलम दुसरे. नणंदेला मोठी कुंडी, रोपासह. हीच कुंडी तिने माझ्या नवऱ्याच्या स्नेअर ड्रमवर, म्हणजे खाली तारा ताणलेल्या चपट्या ड्रमवर, अकरा वर्षं ठेवली होती. घर बदलताना आम्ही ड्रम तिच्याकडे ठेवायला दिला, तर तिला तो स्टूल वाटला. रोज न चुकता पाणी घातलं. वरचं कातडं कुजलं, ते ताणून धरणारी कडी गंजली, खालच्या तारा तुटल्या. रोप मात्र छान वाढलं, हे कबूल केलं पाहिजे.

कलम तिसरे. तो ड्रम माझ्या नातीला. ती स्वतः ड्रम वाजवते, आणि हा दुरुस्त करावा की सोडून द्यावा, यावर तिचं चार महिने ठरत नाही. जुन्या वाद्यांचा एक जाणकार तिने घरी आणला. नाकावर चष्मा, हातात छोटी बॅटरी. आत उजेड टाकून तो म्हणाला, घेराचं लाकूड फार पूर्वी तडकलंय आणि कुणा अडाण्याने आतून पट्टी चिकटवून वर वार्निशात अंगठा उमटवून ठेवलाय. तो सगळा थर खरवडून नवं लाकूड बसवलं तरच ड्रम मूळचा दिसेल, नाहीतर सुटे भाग काढून घ्या. मी त्याला चहा दिला. साखर कमी घातली.

तो गेल्यावर नात म्हणाली, "आजी, तू सांग ना. हा दुरुस्त करण्यालायक आहे का?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? मला ती बॅटरीसुद्धा धरता येत नाही."

खोटं बोलले. तो अडाणी म्हणजे मीच, आणि स्वतःच्याच कामाची बाजू घ्यायची मला लाज वाटली. आता खरं ते नोंदवते.

मी दुरुस्तीच्या दुकानात झाडलोट करायला लागले होते. मालकांनी एक दिवस झाडू काढून घेतला आणि हातात सरसाचा डबा दिला. त्यांची मी आजन्म ऋणी आहे. दुकानाची रीत अशी, की काम करणाऱ्याने वाद्याच्या आत पेन्सिलीने आपलं नाव लिहायचं, म्हणजे पुढे कुणी उघडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या ते कळतं. हा ड्रम जिन्यावरून पडून आला होता. तेव्हाही तो जुनाच होता. माझं एकटीचं हे पहिलं काम. काम संपलं आणि मी पेन्सिल धरून नुसती उभी.

मालक म्हणाले, "वार्निश ओलं आहे तोवर अंगठा टेक. नाव तर कुणाचंही असू शकतं."

पुढच्या कामांत मी फुली मारत गेले. अंगठा फक्त याच्यात.

ड्रम न्यायला आलेल्या वादकाने आत पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात तो एक धडधाकट ड्रम दुरुस्तीला घेऊन आला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मालक म्हणाले, याचं काहीतरी करून टाक. म्हणून लग्न केलं. बत्तीस वर्षं त्याने हा ड्रम वाजवला, तडा हललासुद्धा नाही.

तेव्हा माझा निर्णय असा. ड्रम दुरुस्त करावा. कातडं, कडी आणि तारा नव्या घालाव्यात, कारण आवाज त्यांनी अडवलाय. तड्याला हात लावू नये. त्याने काहीच अडवलेलं नाही, तो फक्त दिसतो. मात्र पुढे कधी वाजवताना तो उघडलाच, तर नातीने खुशाल सगळं खरवडावं, अंगठ्यासकट. माझ्या अंगठ्यापायी ड्रम मुका ठेवायचा नाही. आणि जो नवी पट्टी बसवेल, त्याने आत आपलं नाव लिहावं.

कलम चौथे. चिकटवलेलं लाकूड आवळून धरायचे माझे तीन शिकंजे, कातडं कापायची सुरी आणि सरसाचा डबा त्या चष्मेवाल्या जाणकाराला. नजर त्याच्याकडे आहेच.

हे सर्व बाईंनी मला दोनदा वाचून दाखवलं. नणंदेविषयीचं जरा सौम्य करू का, असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं.

साक्षीदार म्हणतात, डावा अंगठा द्या. मी उजवा देते आहे. त्याच्यावर सुरीची आडवी खूण आहे, ती ड्रममध्येही उमटली आहे. उद्या कुणी म्हणालं की हा कागद माझा नाही, तर नातीने ड्रमचं खालचं कातडं सोडवून आतला अंगठा दाखवावा. तोवर वाजवावा.

उजव्या हाताचा अंगठा: (उठवला)

साक्षीदार: १. समोरच्या दुकानातले शिंपी (सही)
२. वरच्या मजल्यावरची परिचारिका (सही)
लिहिणार: खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई (सही)

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२६, सकाळी अकरा