भीती लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला वर्गात परत पाठवण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
परभाषा प्रशिक्षण केंद्र, मुख्य इमारत

विषय : तोंडी वर्गातील विद्यार्थिनीस तळमजल्यावरून परत पाठवणे व चिठ्ठ्या कार्यालयात नेणे थांबवणेबाबत.
संदर्भ : आपले ‘विद्यार्थ्यांच्या भावनांची नोंद’ हे परिपत्रक, दि. ३.

महोदय,

१. खोली क्रमांक सातमध्ये मी अकरा वर्षे तोंडी वर्ग घेतो. व्याकरण पाठ असूनही परकी भाषा तोंडातून फुटत नाही. ती लाजेने नाहीतर धास्तीने अडते, हा माझा अनुभव. म्हणून तासाच्या सुरुवातीला प्रत्येकाने मनात काय आहे ते मातृभाषेत, नाव न घालता, चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकायचे, अशी पद्धत मी पाडली. तासानंतर मी चिठ्ठ्या फाडून टाकत असे. चोवीसपैकी एकोणीस जण दोन महिन्यांत बोलू लागले.

२. आपण भेटीस आलात तेव्हा ही पद्धत मीच हौसेने दाखवली. चूक माझी. त्यानंतर खोके रोज कार्यालयात जाऊ लागले आणि अक्षरावरून माणूस ओळखला जाऊ लागला. ‘भीती वाटते’ लिहिणाऱ्या तिघांना ‘समुपदेशनासाठी’ तळमजल्यावर नेले. दोघे परतले. ते आता अस्खलित बोलतात, मात्र नजर दारावर ठेवून.

३. तिसरी पेशाने नर्स. परदेशातील नोकरीसाठी तिची तोंडी परीक्षा अठरा तारखेस आहे. तिने लिहिले होते, ‘खालून आलेल्या माणसांची पापणी लवत नाही. मला भीती वाटते.’ मंगळवारी तिला बोलावले, आज शनिवार. पिशवी अजून बाकावर आहे. हजेरीपटात तिच्यापुढे रोज ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा पडतो. तिची थोरली बहीण फाटकाशी मला गाठून विचारते, “सर, माझा लेक ‘मावशी कधी येणार’ म्हणून जीव खातोय. काय सांगू त्याला?” कार्यालयातील बाईंना विचारले, तर त्या हळूच म्हणाल्या, “तुमचा वर्ग सगळ्यांत पुढे आहे ना सर? मग कशाला पायावर धोंडा मारून घेताय?”

४. आता प्रत्येक चिठ्ठीवर ‘आनंद’ एवढेच असते. बोलताना कोणी चुकलेच तर सगळे एकदम हसतात आणि एकदम थांबतात.

तरी तिला परीक्षेपूर्वी सोडावे. ‘कोणी वाचणार नाही’ या माझ्या शब्दावर विसंबून तिने लिहिले. जाब मला विचारावा. सोमवारी सकाळी दहा वाजता मी तळमजल्यावर हजर होत आहे. काल वर्गाला हे मातृभाषेत सांगितले. तेवीसही जण उभे राहिले आणि परक्या भाषेत, एका सुरात, एकही उच्चार न चुकता म्हणाले, “तुम्हाला तिथे आवडेल, सर.”

हे वाक्य मी शिकवलेले नाही.

अद्याप आपल्या सेवेत असलेला,
(सही)
तोंडी वर्गाचा शिक्षक, खोली क्रमांक सात
दि. १२, शनिवार

सोबत : विद्यार्थिनीचे परीक्षेचे प्रवेशपत्र (मूळ प्रत). कृपया तिच्याच हाती द्यावे.