नवसाची दाढी आणि पुलावरची खिडकी

आदरणीय दाजी,

नमस्कार. आपली कंबर आता कशी आहे? ताई काठी सोडून उंबऱ्यापर्यंत आली हे वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली. मग हा मेहुणा अजून का उगवला नाही, असं तुम्ही म्हणत असाल. तेच सांगतो.

गेल्या सोमवारी सकाळी अंघोळ करून, दिवा लावून, ताईसाठी घेतलेली गरम शाल पिशवीत घातली आणि पहिल्या बसनं पुलावर पोचलो. (छापखान्याच्या मालकांकडे दोन दिवसांची रजा मागताना माझी जी शोभा झाली, ती इथे लिहीत नाही.) पुलापलीकडे तुमचा देश, अलीकडे आमचा, आणि मध्ये एक खिडकी. खिडकीतल्या कारकुनानं माझं ओळखपत्र पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा ओळखपत्र पाहिलं. ‘हे कोण?’ मी म्हटलं, मीच. ‘धाकटा भाऊ असेल तुमचा. दाढी काढून या.’

दाजी, ही दाढी हौसेची नाही, हे तुम्ही जाणता. ताईला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा मी देवाला बोललो होतो, की ती स्वतःच्या पायांवर उभी दिसेपर्यंत गालाला वस्तरा लावणार नाही, आणि दिसली की तिच्याच अंगणात दाढी उतरवीन. म्हणजे ताईला पाहिल्याशिवाय दाढी काढता येत नाही आणि दाढी काढल्याशिवाय ताईला पाहता येत नाही. हे मी कारकुनाला शांतपणे समजावलं. तो म्हणाला, ‘कार्डावर नवसाचा रकाना नाही.’ माझ्यामागे कोंबड्यांची खुराडी घेतलेल्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, ‘सोड की रे बाबा त्यांना. पळून जाणारा माणूस एवढी दाढी घेऊन पळेल का?’ त्यानं लगेच कोंबड्यांचे कागद मागितले. मग बाई माझ्यावरच उखडल्या.

आणि पित्त खवळलं ते पुढे. चौकीच्या पायरीलाच एक न्हावी खुर्ची टाकून बसलेला. माझ्या गळ्याभोवती फडकं गुंडाळतच म्हणाला, ‘मामा, बसा. देव कुठे फोटो ताडून बघतो?’ मी फडकं सोडून त्याच्या हातात दिलं. देव ताडून बघत नाही म्हणूनच त्याला फसवायचं नसतं, एवढं आम्हाला गावच्या शाळेतही शिकवलं होतं. त्या जुन्या फोटोत मी श्वास रोखून बसलो आहे (फोटोवाल्यानंच दटावलं होतं, हलू नका). तो माणूस सरकारला खरा वाटतो, आणि समोर श्वास घेत उभा असलेला वाटत नाही.

अखेर काल दाढीसकट नवं ओळखपत्र काढलं. फोटो सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापर्यंत आहे, आणि दाढीही. जुनं ओळखपत्र त्यांनी माझ्यासमोर कातरून टाकलं. रविवारी पोचतो. ताईला अंगणात उभी ठेवा, बाकी काही नको.

आपला मेहुणा

ता. क. परतीचं आत्ता ध्यानात आलं. तुमच्या अंगणात दाढी उतरली की नव्या फोटोतला माणूस मी राहणार नाही, आणि खिडकीत तोच कारकून असेल. तेव्हा दाढी पुन्हा दुसऱ्या बटणापर्यंत येईस्तोवर मला तुमच्याकडेच राहावं लागेल. घरात पाहुणा असला की तुमची झोप उडते, हे ठाऊक आहे. मागची खोली मोकळी होईल का, कळवावं.

पुन्हा ता. क. कळवायचे कष्ट घेऊ नका. दाढी वाढेपर्यंतच्या रजेचा अर्ज आज सकाळी देऊन टाकला. मालकांनी तो न वाचता मंजूर केला, आणि माझ्या जागेवर पुस्तकं बांधायला दुसरा माणूस दुपारी बसलासुद्धा.