खिडकीजवळची खुर्ची

रविवार, दुपार

चिमणे,

शुक्रवारी ऑफिसात त्या खिडकीजवळच्या खुर्चीची उंची कमी करत होते, तेवढ्यात तुझा फोन आला. एका हातात खुर्चीचा दांडा, दुसऱ्या हातात फोन. तू म्हणालीस, "ताई, सोमवारी राजीनामा मालकाच्या तोंडावर फेकते!" आणि हसलीस. मी "बरं" म्हटलं. खुर्ची सुस्कारा टाकत खाली गेली.

आधी खुशाली. आम्ही ठीक. तुझं कार्टं दोन दिवस माझ्या डोक्यावर बसलं होतं. आता बाहेरच्या खोलीत उशांची आगगाडी करून तिच्यातच झोपलंय. आईचा गुडघा बरा आहे. ती म्हणते, चिमणी दिवसभर उभं राहून चष्म्याच्या काचा घासते, आता आमच्या ऑफिसात बसून काम मिळालं, पाय वाचतील तिचे. मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही.

संध्याकाळी तुझे अहो त्याला न्यायला येतील, तेव्हा हे पत्र त्यांच्या हाती देईन. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस आणि मी विषय बदलेन. आपल्या दोघींचं ते ठरलेलंच आहे.

तर ती खुर्ची.

मुलाखत झाली की मी प्रत्येकाला वरच्या मजल्यावर नेते. आमच्याकडची ही पद्धत. खिडकीजवळचं टेबल दाखवायचं आणि म्हणायचं, "ही जागा. बसून बघा." सगळे बसतात. आणि बसले की, कुणी सांगितलेलं नसताना, खुर्ची आपल्या उंचीला लावून घेतात. एक बाई मागे टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. एकानं मोकळ्या टेबलावर पेन सरळ ठेवलं, मग तिरकं, मग पुन्हा सरळ. बाहेरच्या पत्र्यांवरचं ऊन छतावर हलत असतं. पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं. तूही वर बघत राहिली होतीस. म्हणालीस, "इथे एक कुंडी ठेवीन."

संध्याकाळी मी खुर्ची मधल्या उंचीवर आणून ठेवते. कुणाचीच नसलेली उंची.

दुपारी कधी डुलकी लागली तर ते सगळे मला एकदमच त्या खुर्चीत दिसतात. एकात एक बसलेले, काचेचे असल्यासारखे. कुणाचा कुणाला भार होत नाही. सगळ्यांचे हात एकाच वेळी ड्रॉवर उघडतात. आत काही नसतं.

मागे एक पिकल्या केसांचे गृहस्थ आले होते. "सोमवारपर्यंत कळवू," मी म्हटलं, सगळ्यांना म्हणते तसं. कळवलं नाही. सोमवारी ते डबा घेऊन आले आणि जागेवर बसले. शिपायाला वाटलं मी बोलावलंय. मला वाटलं साहेबांनी नेमलंय. साहेबांना वाटलं, असेल कुणीतरी. त्यांना चहा मिळू लागला. कुणीतरी तपासायला कागदही दिले. मग एकदा त्यांनीच मला हळूच विचारलं, "बाई, मला ठेवलंय कुणी?" त्यांनी डबा उचलला, खुर्ची टेबलाखाली सारली आणि जिना उतरले. त्यांना काढायलासुद्धा कुणी लागलं नाही.

चिमणे, ती जागा नाही. कधीच नव्हती.

मग माणसं बोलावता कशाला, म्हणशील. जाहिरात लागलेली असली की बाहेर वाटतं, कंपनी वाढतेय. आतलं कुणी पगारवाढ मागायला गेलं की साहेब म्हणतात, "खाली बाकावर बघून या आधी." मुलाखतीला आलेल्यांचा तो बाक भरलेला ठेवायचा, हे माझं काम. त्या रिकाम्या खुर्चीवर माझी खुर्ची उभी आहे, आणि माझ्या खुर्चीवर आईचं औषधपाणी.

तू मुलाखतीला नवी चप्पल घालून आलीस. मी टेबलाच्या पलीकडून तुला तुझं नाव विचारलं. तू सांगितलंस, अगदी गंभीर चेहऱ्यानं. मला हसू येईल असं वाटलं होतं. जिना उतरताना तू विचारलंस, "झालं ना गं माझं?" मी तुझी दुमडलेली बाही सरळ केली. ते तू होकार समजलीस. मी समजू दिलं.

उद्या राजीनामा देऊ नकोस. हवं तर माझ्या नावानं बोटं मोड, पण काचा घासत राहा.

जिनं तुला "बसून बघ" म्हटलं,
ती


सोमवार

चिमणे,

तुझे अहो सकाळीच दारात उभे. चहा नको म्हणाले. तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला: राजीनामा फाडला, आणि ताईला म्हणावं, मी तिच्याशी बोलत नाही. बरं. बोलू नकोस. वाच.

आज बाकावर चौघं होते. मी कुणाला वर नेलं नाही. म्हटलं, "जागा नाहीये. नव्हतीच. घरी जा." तिघं उठले. चौथी, तुझ्याच वयाची, बसून राहिली. साहेबांच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "आणि तुमची जागा?"

मी तिच्या शेजारी बाकावर बसले.

ताई