लग्न लागलेल्या बॅटऱ्या

ग्लेनिस,

तुझ्या वेपमधल्या, म्हणजे त्या ई-सिगारेटमधल्या, दोन्ही बॅटऱ्या मी काढल्यात. सकाळी तुला चटका बसला, तो गुन्हा माझा. दोघींतली एक दमलेली वाटली, म्हणून मी गुपचूप तिच्या जागी नवी कोरी घातली होती. वेपच्या दुकानातल्या कॅरिसने फोनवर मला झापलं, "अहो आजोबा, जोडीचं लग्न लागलेलं असतं! दोघी एकदमच घ्यायच्या, एकदमच चार्ज करायच्या, निवृत्तही एकदमच. म्हातारीच्या गळ्यात तरुण जोडीदार बांधलात, तर ती तापणारच!"

नवी जोडी आणायला बसने लानेलीला चाललोय. जुन्या दोघी आणि ती नवी खिडकीतल्या प्लास्टिकच्या डबीत आहेत. त्यांना किल्ल्यांबरोबर स्वेटरच्या खिशात टाकू नकोस, धातूला टेकल्या तर पेट घेतील.

मला यायला तीन तास लागतील. तोवर वेल्श केक खा. तू चहाच्या डब्यामागे लपवलेलं सिगारेटचं पाकीट शोधू नकोस, ते माझ्या खिशात आहे. डॉक्टरांनी तुला सिगारेट सोडायला बजावल्यापासून चौदा महिने मी ते रोज गुपचूप तपासतोय. सील अजून शाबूत आहे. हे तुला कधी बोललो नाही, तोही गुन्हा माझाच.

तुझ्या जोडीतला जुना,
एम्लिन